डक्टेबल एसी आहे? मग खोल्यांची ग्रिल बंद करायची चूक टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरांत आणि नवी मुंबईत पाम बीचच्या बाजूच्या मोठ्या फ्लॅटांत हल्ली डक्टेबल एसीची हौस वाढली आहे. भिंतीवर पांढरा डबा दिसत नाही, एकाच मशीनची गार हवा फॉल्स सीलिंगमधल्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळातून, प्रत्येक खोलीच्या ग्रिलपर्यंत (जाळीपर्यंत) येते, इंटिरियरवालाही खूश. पण पहिल्याच एप्रिलमध्ये तक्रार सुरू होते: हॉलमध्ये कुडकुडायला होतं आणि शेवटच्या बेडरूममध्ये पंखा लावूनही घाम निथळतो.

यावर बहुतेक घरांत एकच उपाय होतो. स्टुलावर चढून हॉलचं ग्रिल बंद करायचं, पाहुण्यांच्या खोलीचंही बंद करायचं, म्हणजे गारवा हव्या त्या खोलीत जाईल आणि बिलही कमी येईल. दोन्ही समज चुकीचे आहेत.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता काढण्याची क्षमता. त्यासाठी कॉइलवरून, म्हणजे मशीनमधल्या गार नळ्यांवरून, टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जावी लागते. आपल्यासारख्या दमट हवेत ३५० धरली तरी चालते. म्हणजे तीन टनाच्या मशीनला हजारभर सीएफएम तरी हवीच. चारपैकी दोन ग्रिल बंद केलीत की मशीन लहान होत नाही, फक्त डक्टमधला दाब वाढतो. उघड्या ग्रिलमधून शिट्टीसारखा आवाज येतो, सांध्यांतून गार हवा सीलिंगच्या वर गळते आणि कॉइलवरची हवा कमी होते. मग कॉइल शून्याच्या खाली जाऊन बर्फ धरते. बर्फामुळे हवेची वाट आणखी अडते. रात्री मशीन बंद केलं की तो बर्फ वितळतो आणि पीओपीवर पिवळा डाग उमटतो.

इथे एसीवाला येऊन म्हणतो, ‘गॅस कमी झालाय.’ गॅस कमी असला तरी बर्फ धरतो हे खरं, पण फिल्टर आणि डँपर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) पाहिल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. बर्फ धरलाच तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. सुरीने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल.

इंटरनेटवर झोनिंगचे, म्हणजे खोलीनिहाय तापमान ठेवण्याचे, जे सल्ले मिळतात, त्यातले बरेचसे थंड देशांतल्या फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) घरांचे असतात. तिथे ग्रिल बंद केल्यावर फर्नेसचा हीट एक्स्चेंजर (हवा तापवणारा भाग) जास्त तापतो आणि सेफ्टी स्विच बर्नर बंद करतो. ठाण्यात जानेवारीतही हीटिंगची गरज पडत नाही. आपली अडचण उलटी, बर्फाची.

दुसरी चूक कमी दिसते, पण माझ्या मते घराघरात तीच असते. सगळ्या खोल्यांत हवा सोडणारी ग्रिल आहेत, हवा परत ओढणारं रिटर्न मात्र एकट्या हॉलमध्ये. बेडरूमचं दार लावलं की आत गेलेल्या हवेला परतायला वाट उरत नाही. खोलीत दाब वाढतो, म्हणून नवी गार हवा आत येत नाही. तिकडे हॉलमध्ये हवा कमी पडते आणि मशीन ती खिडक्यांच्या फटींतून, ड्राय बाल्कनीतून ओढतं. जुलैत ती बाहेरची ओली हवा असते, शिवाय शेजारच्या फोडणीचा वास फुकट. दार लावून खालच्या फटीशी अगरबत्ती धरा. धूर जोरात बाहेर ढकलला जात असेल, तर खोलीला परतीची वाट अपुरी आहे. सुताराकडून दार खालून पाऊण ते एक इंच कापून घ्या; तेवढ्याने भागलं नाही तर दारात किंवा भिंतीत जाळी बसवा.

थर्मोस्टॅट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर किंवा टीव्हीच्या मागे नको, एवढं इंटिरियरवाल्याला आधीच बजावा. पावसाळ्यात पंखा ‘ऑन’वर नको, ‘ऑटो’वर हवा, कारण कंप्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. गरजेपेक्षा मोठं मशीनही असंच फसवतं: खोली पटकन गार होते, पण चिकचिक राहते. आणि मेट्रोच्या कामाच्या आसपास राहत असाल तर फिल्टर दर पंधरवड्याला धुवा, सर्व्हिसिंगची वाट पाहू नका.

खोलीनिहाय तापमान खरंच हवं असेल तर व्हीआरएफ (बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिट) किंवा स्वतंत्र स्प्लिट घ्या. तिथे प्रत्येक खोलीला आपली कॉइल आणि आपला पंखा असतो. एकाच डक्टवर मोटरचे डँपर बसवायचे असतील, तर कंत्राटदाराला एक प्रश्न विचारा: फक्त सगळ्यात छोटी खोली चालू असताना उरलेली हवा कुठे जाणार? पंख्याचा वेग आणि कंप्रेसर दोन्ही कमी होतात, हे उत्तर चांगलं. बायपासने (आडवाटेच्या डक्टने) गार हवा परत रिटर्नमध्ये सोडू, हे उत्तर कमकुवत, कारण त्यानेही कॉइल गारठते.

टेक्निशियनला फोन करण्याआधी साधा थर्मामीटर रिटर्नशी आणि मग गार हवेच्या ग्रिलशी धरा. मशीन पंधरा-वीस मिनिटं चाललेलं असू द्या. फरक साधारण ८ ते १२ अंश असेल तर कॉइल ठीक काम करतेय, दोष डक्टमध्ये किंवा दारांत शोधा. फरक १५च्या आसपास असेल तर हवा कमी पडतेय. ४-५च असेल, तर मात्र गॅस आणि कंप्रेसर तपासायला सांगा.