चित्रपटसंगीताचा संग्रह: आधी ध्वनिमुद्रण ओळखा

पडद्यावर संवादांखाली जेमतेम अर्धा मिनिट ऐकू येणारी धून रेकॉर्डवर पूर्ण ३ मिनिटं उलगडते, तेव्हा तो प्रसंग नव्याने कळतो. या छंदाचं सुख तिथेच आहे. म्हणून देखण्या कव्हरवर भाळण्याआधी आत नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण आहे ते पाहा.

एकाच चित्रपटाच्या संगीताची तीन मुद्रणं मिळू शकतात: चित्रपटासाठी केलेलं मूळ, अल्बमसाठी संगीतकाराने पुन्हा वाजवून घेतलेलं, आणि पुढे दुसऱ्याच वाद्यवृंदाने केलेलं. अमेरिकन चित्रपट-संगीतकार हेन्री मॅन्सिनी यांनी १९६०च्या दशकात आपल्या अनेक चित्रपटांचं संगीत अल्बमसाठी नव्याने मुद्रित केलं. ते ऐकायला सुरेखच आहे, पण पडद्यावर वाजतं ते हे नव्हे. तेव्हा कव्हरच्या मागचा बारीक मजकूर वाचाच.

गाण्यांत वेगळीच गोम असते. ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण ३ ते सव्वातीन मिनिटांची. गाणं मोठं असलं की ते दोन बाजूंवर तोडायचे, नाहीतर एखादं कडवं गाळायचे. अशी कापलेली मुद्रणं पुढे एलपी (३३⅓ गतीची मोठी रेकॉर्ड) आणि सीडीवरही आली. त्यामुळे रेकॉर्डवरच्या गाण्याची लांबी चित्रपटातल्या गाण्याशी ताडून पाहा. मात्र सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींच्या वेगाने चढवलेल्या डीव्हीडीवर ४ मिनिटांचं गाणं सुमारे १० सेकंद आधी संपतं आणि पट्टीही चढते. तो फरक कडवं गाळल्याचा समजू नका.

जुनी एलपी घेताना ती एकाच दिव्याच्या उजेडात तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा आडवा ओरखडा मात्र प्रत्येक फेरीला, म्हणजे ३३⅓ गतीवर दर १.८ सेकंदांनी, टक् असा वाजतो. चकाकी जाऊन पृष्ठभाग करडा दिसत असेल तर झिजलेल्या सुईने खोबण्या खाल्ल्या आहेत; तो आवाज कितीही धुतलं तरी सुधारत नाही. सुई रेकॉर्डच्या बाजूच्या शेवटाकडे, लेबलजवळ ठेवून ऐका. तिथे खोबणीचा घेर लहान असतो, म्हणून चिरका आवाज सगळ्यात आधी तिथेच येतो. शेवटच्या खोबणीपलीकडच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांकही उतरवून घ्या. ती रेकॉर्ड कोणत्या वेळच्या साच्यातून काढली आहे, म्हणजे कोणती छपाई आहे, हे लेबलापेक्षा त्या क्रमांकावरून जास्त खात्रीने कळतं.

धूळ काढायला कार्बन फायबरचा ब्रश. जास्त मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरने ओलं केलेलं मऊ कापड खोबण्यांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडं ठेवा. लाखेच्या ७८ गतीच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते. आतलं पाकीट पॉलिथिनचं बरं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांमुळे रेकॉर्डवर धुरकट थर येतो. रेकॉर्डी नेहमी उभ्या ठेवा, कारण एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

संगणकावर उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवणारी) फाइल करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा, म्हणजे तो फाटत नाही. खरखर काढणारं सॉफ्टवेअर वापरायचं तर मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. जोर वाढवला की ते झांजांची खणखण आणि तबल्याच्या थापेची धारही खरखर समजून खातं.

वहीत संगीतकार, संगीत संयोजक, मुद्रणाचा प्रकार, लांबी आणि तो कोरलेला क्रमांक लिहा. एक रकाना 'चित्रपटात कुठे' असा ठेवा आणि प्रत्येक धुनेसमोर प्रसंगाची वेळ टिपा. हे काम वेळखाऊ आहे, पण चित्रपटात न आलेल्या धुना याच रकान्यात सापडतात: तिथली जागा रिकामीच राहते.