पांगारा, शेवगा, सावर: हलक्या लाकडावर न्हाणीचं पाणी कसं तापवावं

कोकणात न्हाणीच्या चुलाण्याला ऐन, किंजळ, खैर असलं दणकट लाकूड घालायची जुनी सवय आहे. नुसतं अंघोळीचं पाणी तापवायला असलं झाड जाळणं हे आता खरोखर जिवावर येतं. दुसरीकडे परसातला पांगारा, शेवगा, काटेसावर, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ दरवर्षी छाटतात आणि त्या फांद्या कुंपणाशी कुजत पडतात. ‘त्याला धग नाही, नुसता धूर’ असं म्हणतात, पण तो धूर लाकडातल्या ओलीचा असतो.

नीट वाळलेलं एक किलो लाकूड कुठल्याही झाडाचं असलं तरी उष्णता जवळपास सारखीच देतं. फरक पडतो तो आकारमानात. बाभळीच्या एका घनमीटरचं वजन 750 ते 800 किलो भरतं, पांगाऱ्याचं 300 च्या आसपास. म्हणजे रास अडीचपट मोठी लागणार, आणि जागा तेवढी आधीच धरावी. चाळीस लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला 1,200 किलोकॅलरी लागतात. उघड्या चुलीत जाळातला आठवा-दहावा भागच भांड्याला पोचतो, त्यामुळे अडीच ते साडेतीन किलो कोरडं जळण धरून चालावं. लाकडात एक किलो पाणी राहिलं असेल तर ते उडवण्यातच 600 किलोकॅलरी जातात. शिवाय जाळ थंड पडतो, आणि धूर न जळताच बाहेर पडून भांड्याच्या बुडाला डांबरासारखा चिकटतो.

फांद्या मार्गशीर्ष-पौषात तोडाव्यात. मिरीचा वेल चढवलेल्या पांगाऱ्याची छाटणी पावसाच्या तोंडावर होते. ते लाकूड त्या वर्षीचं धरू नये, छपराखाली ठेवून पुढच्या उन्हाळ्यात वाळवावं. तोडल्या आठवड्यातच फोडायला घ्यावं. निलगिरी तर ओली असतानाच फोडावी, वाळली की तिचे पीळ कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. चुलाण्यासाठी दीड फूट लांब, मनगटाएवढी जाड ढलपी पुरते. शेवग्याची आणि सावरीची साल सोलून टाकावी, कारण सालीखाली पाणी कोंडतं, बुरशी धरते आणि किडा लागून भुगा पडतो.

पांगारा, शेवगा, गिरिपुष्प यांची ओली फांदी मातीला टेकली की मुळं धरते; कुंपणाला हीच झाडं लावतात ती त्यासाठीच. म्हणून रास जमिनीवर कधीच रचू नये. खाली चिरे मांडून त्यावर दोन वासे आडवे टाकावेत, ढलप्या सैल रचाव्यात, वरून पत्रा घालावा. बाजू मात्र उघड्या ठेवायच्या. ताडपत्रीने चारही बाजूंनी गुंडाळलेली रास आतून घामेजते.

वाळलं की नाही हे ओळखायला टोकाच्या चिरा पुरेशा नाहीत, हलक्या लाकडाला त्या लवकर पडतात. दोन-तीन ढलप्यांवर खूण करून दर आठ दिवसांनी त्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलाव्यात. वजन उतरायचं थांबलं की जळण तयार. पांगाऱ्याची ढलपी निम्म्याच्या आसपास येते. मृगाआधी सगळं पडवीत किंवा मांगरात (शेतावरच्या खोपीत) न्यावं, नाहीतर पावसाळी हवेत ते पुन्हा ओल धरतं.

जाळताना हे लाकूड भडकन पेटतं आणि लवकर संपतं. चुलाणं ठासून भरलं की हवा पुरत नाही, जाळ धुमसतो. एका वेळी दोन-तीन ढलप्या, मध्ये बोटभर फट, आणि राख वरचेवर मागे ओढायची. पाणी कोमट झालं की आंब्याचा किंवा सुबाभळीचा एखादा जाड तुकडा सारावा; पांगाऱ्याचे निखारे टिकत नाहीत, ती धग हा तुकडा धरतो. नारळाची सोडणंही शेवटीच घालावीत, ती धुमसत राहतात.

बंबासाठी तुकडे चार-पाच इंचांचे, अंगठ्याएवढे जाड. थोडे थोडे टाकावेत. करवंट्या एका वेळी तीन-चारच, कारण त्यांचा जाळ फार तेज असतो. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये, नळीचे सांधे सुटतात. नळीत काजळी साठली की बंब मागे धूर टाकू लागतो, म्हणून महिन्यातून एकदा तारेच्या ब्रशने ती खरवडावी.

कण्हेर, बिब्बा आणि रंग दिलेल्या फळ्या किंवा प्लायवूड जळणात मुळीच नकोत. त्यांचा धूर विषारी असतो. काजूची टरफलंही वगळावीत: त्यांच्या तेलाने नळी चिकट होते आणि धूर डोळ्यांना, कातडीला झोंबतो. बंब पेटता असो वा नुसते निखारे उरलेले असोत, न्हाणीची खिडकी उघडी हवीच. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि दार-खिडकी लावून अंघोळीला बसलेल्या माणसाला तो जागीच बेशुद्ध करतो. बंब बाहेर पडवीत पेटवून गरम पाणी बादलीने आत नेणं सगळ्यांत बरं.