हिलोला निघालेल्या भाचीसाठी पुरुमेत

बाय, हिलोच्या विद्यापीठाचं पत्र तुला आलं तेव्हापासून ताई फोनवर दुसरं काही बोलत नाही. दोन वर्षं तू हवाईच्या मोठ्या बेटावर राहणार, डिसेंबरात ती आणि भावोजी तुला भेटायला येणार, आणि त्या बेटावर जिवंत ज्वालामुखी आहे. एवढ्यानंच तिची झोप उडाली आहे. मी तिथे लेकाकडे सात महिने राहून आले, म्हणून ही यादी माझ्याकडून. ताईला सांगितलं तेच तुलाही सांगते: लाव्हा रोज दारात येत नाही. रोजची काळजी असते ती पाण्याची, हवेची आणि घराखालच्या जमिनीची.

आपण मृगाआधी पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो. सुके बांगडे, सुंगटं, सोलां, चिंच, मिरच्या, पापड. पाऊस कधी येणार हे ठाऊक असतं, म्हणून ते जमतं. हिलोला मृग नाही. गोव्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो; हिलोत जवळपास तेवढाच पडतो, पण बाराही महिने. तेव्हा तिथलं पुरुमेत वर्षभर भरलेलंच ठेवावं लागतं, आणि त्यात खाण्याच्या वस्तूंपेक्षा दुसऱ्याच गोष्टी जास्त असतात.

आधी बॅगेचं सांगते, कारण ताईनं डबे भरायला घेतलेच असतील. उकडे तांदूळ आणि चणे भरू देऊ नकोस. धान्यातल्या एका किडीमुळे भारतातून प्रवाशांनी हे दोन्ही अमेरिकेत नेण्यास बंदी आहे. कढीपत्ता, ताजी फळं, रोपं, बिया, मटणाचे पदार्थ आणि माती हेही नको. म्हणून गणपतीची मूर्ती कच्च्या मातीची नेऊ नकोस, लहानशी पितळेची ने. मसाल्याची पूड, पापड, लोणचं असं जे नेशील ते विमानतळावरच्या तपासनिसाला सांगून दाखव. सांगितलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो. तांदळाची चिंता नको; हिलोत जपानी वस्ती जुनी आहे आणि तांदूळ प्रत्येक दुकानात मिळतो. विजेचा दाब तिथे ११० ते १२० व्होल्ट, त्यामुळे इथला मिक्सर तिथे चालत नाही. पाटा-वरवंट्याचं वजन परवडणार नाही, पण खलबत्ता मात्र ने.

आता घराचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण घर एकदा चुकलं की बाकीची सगळी तयारी वाया.

घर भाड्याने बघशील तेव्हा खोल्या, स्वयंपाकघर नंतर बघ. आधी विचार, हे घर लाव्हाच्या कितव्या झोनमध्ये? अमेरिकेच्या भूवैज्ञानिक खात्यानं त्या बेटाचे नऊ झोन केले आहेत. पहिला सगळ्यांत धोक्याचा, नववा सगळ्यांत कमी. हिलो शहर बहुतेक तिसऱ्यात येतं. हिलोच्या दक्षिणेला पुना नावाचा भाग आहे, तिथली भाडी कमी दिसतील. त्यातली बरीच जमीन पहिल्या-दुसऱ्या झोनमधली आहे हे त्यामागचं एक कारण. २०१८ च्या मे महिन्यात पुनातल्या लेलानी इस्टेट्स या वसाहतीत रस्त्यांना भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. किलाउएआ ज्वालामुखीचं शिखर तिथून कितीतरी लांब, तरी तो आला घरांच्या मधोमध. ऑगस्टपर्यंत सातशेहून जास्त घरं गेली आणि कापोहोची खाडी बुजून तिथे काळी जमीन झाली. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या झोनमध्ये घर घेऊ नकोस, कितीही स्वस्त असो. विद्यापीठ हिलोतच आहे, हिलोतच राहा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आपल्याकडे खणलं की तांबडी माती, मग चिरा, आणि नशीब असेल तर बांवेला पाणी. पुनात माती जेमतेम, आणि खालचा नवा लाव्हा चाळणीसारखा. एवढा पाऊस पडूनही पाणी वर थांबत नाही. त्यामुळे शहराच्या नळाबाहेरची घरं छपरावरचं पाणी पन्हळीतून टाकीत घेतात. लेकाचं पहिलं घर असंच होतं. मी सवयीनं बांवेत वाकून बघावं तशी टाकीत वाकले, तर वरचं कापड फाटलेलं, आत पाला आणि मेलेली पाल. घरमालक म्हणाला, फिल्टर आहे. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते त्याला सांगता आलं नाही. तेव्हा टाकीचं घर घ्यायची वेळ आलीच, तर टाकी कधी धुतली, झाकण शाबूत आहे का, फिल्टरच्या जोडीला अतिनील किरणांचा दिवा आहे का, हे तिन्ही डोळ्यांनी बघून घे. ज्वालामुखीच्या वायूंमुळे पाऊस आम्लधर्मी होतो आणि जुन्या छपराच्या खिळ्यांतलं, पाइपांच्या डाक दिलेल्या सांध्यांतलं शिसं त्यात उतरतं. ते उकळून जात नाही. म्हणून पाण्याची तपासणी करून घ्यायची, आणि तोपर्यंत प्यायचं पाणी सरकारी नळावरून कॅनमध्ये भरून आणायचं. पाहोआ, केआआउ इथे असे नळ आहेत, माणसं गाड्या लावून भरून नेतात.

तिसरं, घर दिवसा बघ आणि रात्रीही बघ. पोर्तो रिकोहून आलेले कोकी नावाचे बेडूक तिथे रात्रभर ओरडतात. आपल्या पावसाळ्यातल्या बेडकांची मला सवय, पण त्या चिमुकल्या जिवाचा आवाज पहिले आठ दिवस मला झोपू देईना. आणि मुंग्या बघ. आपले हुमले निदान दिसतात तरी. तिथली छोटी अग्निमुंगी दीड मिलिमीटरची. झाडावरून मानेवर पडते आणि चावा दिवसेंदिवस जळतो. लोक चॉपस्टिकच्या टोकाला शेंगदाण्याचं लोणी लावून अंगणात तासभर ठेवतात आणि मुंग्या लागतात का ते बघतात. घरमालकासमोर हे करायला लाजू नकोस.

बुरशीबद्दल तुला काय सांगू, जुलैतलं आपलं कपाट तुला ठाऊक आहे. तिथे ते कपाट वर्षभर तसंच असतं.

पालेभाजी मात्र इथल्यासारखी हातावर झटकून चिरायची नाही. पूर्व हवाईत गोगलगाईंतून पसरणारा एक कृमी आहे, मूळचा उंदरांच्या फुप्फुसातला. भाजीवरची बारीक गोगलगाय नकळत पोटात गेली तर तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. एकेक पान वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवायचं. कच्ची कोशिंबीर बाहेर कुठे खायची त्याचा विचार करायचा. शिजवलं की भीती नाही, आणि आपण पाला शिजवूनच खातो, ही सवय सोडू नकोस. डास तिथेही आहेत. २०१५-१६ मध्ये त्या बेटावर डेंग्यूची साथ येऊन गेली. जमिनीवर विषारी साप मात्र नाहीत, रेबीजही नाही. ताईला हे दोन्ही आवर्जून सांग.

हवेसाठी वेगळी तयारी लागते, विशेषतः भावोजींना दमा आहे म्हणून. किलाउएआतून गंधकाचा वायू निघतो, त्याचं धुरकट धुकं होतं, त्याला तिकडे व्हॉग म्हणतात. नेहमीचा ईशान्येचा वारा असला की ते पश्चिमेला कोना भागाकडे जातं आणि हिलो मोकळं राहतं. वारा फिरला की हिलोत येतं, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. एन-९५ मास्क राखेचे कण अडवतो, वायू अडवत नाही. मास्क लावला म्हणून भावोजींनी विवराच्या काठावर उभं राहू नये. त्यांचे इनहेलर दुप्पट आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, दोन्ही हातातल्या पिशवीत. प्रवासाचा विमा त्या दोघांचाही, जुना आजार लपवून काढलेला नको. तिथे दवाखान्याची पायरी चढायचे पैसे ऐकून आपली छाती दडपते.

डिसेंबर २०२४ पासून किलाउएआच्या हलेमाउमाऊ विवरात थांबून थांबून लाव्हाची कारंजी उडत आली आहेत. त्यांतून केसांसारखे काचेचे तंतू वाऱ्यावर येतात, त्यांना पेले या ज्वालामुखीच्या देवीचे केस म्हणतात. गाडीच्या काचेवर ते पडले तर वायपर फिरवायचा नाही, आधी पाणी ओतून धुवायचं. हातानं गोळा करायचे नाहीत. छपराचं पाणी टाकीत जात असेल तर तो पाइप त्या दिवसापुरता सोडवून ठेवायचा. डोंगराची खबर रोज निघते. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे इशाऱ्याचे रंग आहेत. पंचांग बघावं तसं सकाळी ते बघत जा.

एक पिशवी दाराशी कायम भरून ठेव. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, पंधरा दिवसांची औषधं, बॅटरी, पॉवर बँक, रोख डॉलर, कोरडं खाणं, पाणी, जाड तळव्याचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. दिवाडी बेटावरच्या माणसाला शेवटची फेरीबोट किती वाजता हे झोपेतही ठाऊक असतं. तिथे तसा रस्ता ठाऊक हवा. खालच्या पुनातून बाहेर पडायला मोठा रस्ता एकच, आणि २०१४ मध्ये लाव्हा पाहोआ गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबला तेव्हा सगळ्यांचा जीव त्या एका रस्त्यावर टांगला होता. त्याच वर्षी ऑगस्टात इसेल वादळानं झाडं आडवी पडून कित्येक दिवस वीज नव्हती.

हिलोला खरा घाव समुद्रानं दिला आहे. १ एप्रिल १९४६ ची त्सुनामी, आणि २३ मे १९६० ची, चिलीच्या भूकंपानंतर हजारो किलोमीटर पाणी कापून आलेली. दुसऱ्या वेळी भोंगे वाजले होते, तरी बरेच लोक घरीच थांबले, काहीजण लाटा बघायला किनाऱ्याकडे गेले. एकसष्ट माणसं गेली. वायाकेआजवळ एक घड्याळ उभं आहे, काटे एक वाजून चार मिनिटांवर थांबलेले. लेकानं पहिल्याच रविवारी मला तिथे नेलं होतं आणि मी बराच वेळ बोलले नाही. तुझं घर त्सुनामीच्या नकाशात आत येतं का बाहेर, ते पहिल्या आठवड्यात बघून घे. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी पावणेबाराच्या सुमाराला भोंग्याची चाचणी असते, तेव्हा घाबरायचं नाही. इतर वेळी वाजला, किंवा किनाऱ्यावर असताना जमीन जोरानं हलली, तर उंचावर जायचं. बघायला थांबायचं नाही.

ताई-भावोजींच्या डिसेंबरच्या भेटीसाठी थोडंच. स्वेटर हवाच, कारण किलाउएआचा माथा बाराशे मीटरवर आहे आणि रात्री तिथे आपल्याला थंडी बाधते. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट गाडीमागे असतं, ते कार्डानं भर. चपला घालून लाव्हावर चालू देऊ नकोस. त्याचे दोन प्रकार आहेत, दोऱ्या वळल्यासारखा गुळगुळीत पाहोएहोए आणि खडबडीत आआ. पडलं तर दोन्ही काचेसारखे कापतात. हेच हवाई शब्द सह्याद्रीच्या काळ्या खडकालाही लावतात हे भावोजींना सांग, त्यांना आवडेल. माउना केआ हा तिथला उंच डोंगर ४२०७ मीटरचा. त्यांच्या दम्याला तो माथा नको, २८०० मीटरवरच्या पर्यटक केंद्रापाशी तारे बघून परत या. समुद्रात उतरायचं तर सनस्क्रीनची बाटली तिथेच घ्या. पोवळ्यांना मारणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली क्रीम १ जानेवारी २०२१ पासून तिथे विकता येत नाहीत.

ताईनं मला फोनवर सांगितलं, देवाऱ्यात ठेवायला ज्वालामुखीचा एक काळा दगड आणायचा. तो आणायचा नाही. उद्यानातून दगड उचलणं कायद्यानं मना आहे, आणि तिथल्या मूळ लोकांसाठी तो डोंगर पेलेचं अंग आहे. नेलेले दगड लोक पोस्टानं परत पाठवतात. आपण सातेरी देवीच्या वारुळाला धक्का लावतो का? ताईला एवढंच विचार, ती पुन्हा दगड मागणार नाही. माउना केआही त्यांना तसाच पवित्र आहे. तिथे बांधायचं ठरलेल्या नव्या मोठ्या दुर्बिणीत भारताचाही वाटा आहे आणि तिच्याविरुद्ध लोक २०१९ मध्ये रस्त्यावर बसले होते. विद्यापीठात हा विषय निघेल. आधी ऐकून घे.

गणपतीच्या चवथीला तू तिथेच असशील, आणि मूर्तीवर फळंपानं टांगायच्या माटोळीविना चवथ तुला कधी ठाऊक नाही. हिलोचा बाजार बुधवारी आणि शनिवारी मोठा भरतो. नारळ, केळी, पेरू, आल्याची पानं, करमलं, सगळं मिळेल. नीरफणसाला तिकडे उलू म्हणतात, त्याची कापं इथल्यासारखीच होतात. अळूच्या कांद्याला कालो म्हणतात. अकुले मासा रवा लावून तळ, बांगड्याची आठवण थोडी भागेल. माटोळीला सुंभ मिळणार नाही, ते मी इथून देते. बॅगेत अर्धा किलो जागा ठेव.

घर ठरवण्याआधी पत्ता मला पाठव. तुझ्या संध्याकाळच्या सहाला आमचे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ असतात, मी चहा पिऊन फोनपाशीच असते.