लाइट गेली, आलेख चढला, रेझिन कच्चंच राहिलं

एपॉक्सी रेझिन क्युअर होताना, म्हणजे रासायनिक क्रियेने कडक होताना, आयनांची (विद्युतभारित कणांची) हालचाल मंदावते आणि रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विद्युतरोध, हजारो पटींनी वाढते, हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होतं. तरी एम.टेक.चे दोन महिने गेले.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात ओव्हन वापरायला मिळाला होता. काचकापडाचे थर एपॉक्सीत भिजवून केलेली प्लेट (लॅमिनेट), थरांमध्ये कंगव्यासारख्या इलेक्ट्रोडांचा सेन्सर, बाहेर रोध मोजणारा एलसीआर मीटर. ८० अंश लावून मी विश्रामबागला खोलीवर आलो. सकाळी आलेख अगदी पुस्तकातला: रोध आधी उतरलेला, मग चढलेला, शेवटी सपाट. वहीत ‘क्युअर पूर्ण’ लिहिलं. प्लेटवर नख दाबलं तर वण उठला. डीएससीतही (नमुना तापवून त्यातली उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या चाचणीत) उरलेल्या रिअॅक्शनचं मोठं शिखर दिसलं.

रात्री लाइट गेली होती. मीटर यूपीएसवर, ओव्हन नाही; लाइट आल्यावर त्याचं बटण दाबायला कुणी नव्हतं. रेझिन नुसतं थंड झालं होतं. थंडीत तूप थिजतं तसं. थिजलेल्या रेझिनमध्येही आयन अडकतात, रोध वाढतो, आणि तापमान स्थिर झालं की आलेखही सपाट होतो. रोध एकटा पाहिला तर क्युअर आणि गारठा यांत फरक कळत नाही. म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सेन्सरला खेटून, लॅमिनेटच्या आतच लावा. ओव्हनच्या डिस्प्लेवर विसंबू नका, एक्झोथर्ममुळे (रिअॅक्शनमध्ये सुटणाऱ्या उष्णतेमुळे) आतलं तापमान वेगळं असतं. रोध आणि तापमान, दोन्ही नोंदी एकाच घड्याळावर हव्यात.

कार्बन फायबर असेल तर सेन्सरवर काचकापडाचा तुकडा घालाच. तंतू विद्युतवाहक असल्याने शॉर्ट होतो. सिनियरच्या थिसिसमधली मीटरची फ्रिक्वेन्सी जशीच्या तशी उचलू नका. रेझिन पातळ असताना कमी फ्रिक्वेन्सीला इलेक्ट्रोडवर आयन साचतात आणि आकडे फसवतात. फक्त ‘ग्राफ आणा’ म्हणणाऱ्या गाइडपेक्षा प्लेटला हात लावून बघणारा लॅब असिस्टंट मला जास्त मोलाचा वाटतो.

पण असं झालं तर प्लेट टाकून देऊ नका, रडत तर मुळीच बसू नका. मी तीच प्लेट सेन्सरसकट पुन्हा तापवली. रोध आधी खाली आला. मग तापमान १२० अंशांवर स्थिर असताना तो पुन्हा चढू लागला, तासन्‌तास. तो चढ मात्र क्युअरचाच होता.