शेपू आणि बाळंतशेपा: या चुका टाळा

उग्र लागतो म्हणून शेपू उकळून पिळू नका. त्याचा वास आणि चव उडून जाणाऱ्या तेलात असते. थोडं वाफेबरोबर जातं, उरलेलं पिळलेल्या पाण्यात.

खरा घोळ डाळीपायी होतो. मूगडाळ दहा मिनिटं भिजवायची आणि शेपूबरोबरच कढईत टाकायची, ही घाई नेहमीची. पाच मिनिटांत पाला आळतो, डाळ टणकच. मग पाण्याचा हबका, वर झाकण, पुन्हा पाणी. वीस मिनिटांनी डाळ शिजते, पण तोवर पाला काळपट पडून लगदा झालेला असतो. झाकणाखाली पाल्यातलं आम्ल कोंडलं की हिरवा रंग जातोच.

एका मोठ्या जुडीला पाव वाटी डाळ घ्या, नखाने तुटेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास भिजवा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि तीन हिरव्या मिरच्या घाला. लसूण तांबूस झाला की आधी फक्त डाळ, दोन चमचे पाणी, झाकण, पाच मिनिटं. डाळ बोटाने चेपली गेली की मगच शेपू. आता झाकण नको, पाणी नको. पाच-सहा मिनिटं परतला की पुरे.

मीठ पाला आळल्यावरच, आधी अंदाज चुकतो. जाड देठ काढा, कोवळे ठेवा. धुऊन निथळून मग चिरा, चिरून धुऊ नका.

बाळंतशेपा म्हणजे शेपूचं बी. त्याऐवजी बडीशेप आणणारे बरेच. बडीशेप लांबट, हिरवट, गोड; बाळंतशेपा चपटा, तपकिरी, फिकट कडेचा, चवीला किंचित कडसर. बाळंतिणीच्या सुपारीसाठी, म्हणजे जेवणानंतरच्या मुखवासासाठी, तो हवा. शेपा, तीळ, ओवा, किसलेलं सुकं खोबरं एकाच कढईत भाजण्याचा आळस अजिबात करू नका: खोबरं जळतं, शेपा कच्चा राहतो. एक वाटी शेप्याला अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी खोबरं, दोन चमचे ओवा. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला तर आच जास्त आहे, तेल उडतंय. पूर्ण गार करूनच बरणीत भरा, नाहीतर वाफेने सुपारी मऊ पडते.

सहा महिन्यांखालच्या बाळाला शेप्याचं पाणी पाजू नका, आईचं दूधच पुरेसं आहे. शेपा-ओव्याची धुरी बंद खोलीत देऊ नका. तो धूर बाळाच्या छातीत जातो. गर्भारपणी भाजी खायला हरकत नाही, शेप्याचा काढा आणि तेल मात्र नको.