फ्लॅटमधला छोटा फ्रिज: घेताना टेप, घेतल्यावर रबर

दुकानात जायच्या आधी ओट्याशेजारची जागा टेपनं मोजा आणि त्याच चिठ्ठीवर घरातल्या रश्शाच्या पातेल्याची उंचीही लिहा. 45-50 लिटरच्या मिनी फ्रिजमध्ये मागं खाली कॉम्प्रेसरसाठी उंचवटा असतो, त्यामुळं खालचा कप्पा अर्धाच खोल उरतो. रविवारी उरलेल्या पांढऱ्या रश्शाचं पातेलं तिथं बसत नाही. त्याच्या बर्फाच्या खणात आइस्क्रीमही घट्ट राहत नाही. खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला दूध, अंडी, पाण्याच्या बाटल्या एवढ्यापुरता तो ठीक. दोघा-तिघांच्या घरात मात्र 180-190 लिटरचा सिंगल डोअर डायरेक्ट कूल (आत पंखा नसलेला, बर्फ आपण वितळवायचा असा) घ्या. जमिनीवर तो फार तर वीतभर जादा जागा घेतो, वाढते ती उंची.

फ्रिज म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर टाकणारं यंत्र. बाहेर टाकायला वाट नसेल तर तो दिवसभर चालत राहतो. म्हणून मागं 10 सेंमी आणि दोन्ही बाजूंना निदान 5 सेंमी जागा सोडा, कोनाड्यात कोंबू नका. आता बहुतेक फ्रिजच्या गरम नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, त्यामुळं पत्रा कोमट लागणं हा बिघाड नाही. दार भिंतीला अडून 90 अंशही उघडत नसेल तर भाजीचा ट्रे बाहेर येत नाही. ही चूक सर्रास होते आणि घरी आणल्यावरच कळते.

वीजबचतीचे तारे मोजत बसण्यापेक्षा लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा वाचा. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळं जुन्या स्टॉकचे चार तारे आणि नव्याचे चार तारे सारखे नसतात. स्टॅबिलायझर लागतो की नाही हे फ्रिज किती व्होल्टपर्यंत चालतो यावर ठरतं. तो आकडा विचारून घ्या. प्लग अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर नको.

फ्रिज उभाच आणायला सांगा. जिन्यातून आडवा आणावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं ऑइल नळ्यांत गेलेलं असतं, तेव्हा उभा करून एक रात्र तसाच ठेवा, मग चालू करा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे दाराचं रबर. कांदा-लसूण चटणीचा तेलकट हात रोज त्याच जागी लागतो, घडीत तेल आणि मसाला बसतो आणि रबर फुगून ढिलं पडतं. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निसटली तर तिथून गार हवा जाते. चारही बाजूंना असं करून बघा. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून फडक्यानं घडी पुसा आणि कोरडी करा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे आठवड्याला करावं लागतं, नाहीतर काळी बुरशी धरते.

दमट हवेत बर्फही लवकर साचतो. थर अर्धा सेंमी झाला की रात्री डिफ्रॉस्टचं बटण दाबा. बर्फ वितळल्यावर फ्रिज आपोआप सुरू होतो. घाई असेल तर फ्रीजरमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवा. सुरी किंवा उलथनं लावू नका! ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो, एक टोच बसली की गॅस गेला. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-600ए हा ज्वलनशील गॅस असतो, म्हणून मेकॅनिकला तोच गॅस भरायला सांगा आणि काम करताना खिडक्या उघड्या ठेवा.

वितळलेलं पाणी मागच्या ट्रेमध्ये जमतं आणि त्यात डासांच्या अळ्या होतात. पावसाळ्यात तो दर आठवड्याला ओता आणि घासून घ्या. भाजीच्या ट्रेखाली पाणी दिसलं तर आतल्या निचऱ्याचं भोक तुंबलंय. मऊ स्ट्रॉनं मोकळं करा आणि पिचकारीनं कोमट पाणी सोडा.

दूध तापवून पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवा आणि रस्सा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. नाहीतर सकाळी चहाला मटणाचा वास येतो.

लाईट गेली आणि लगेच आली तर फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवा. नळ्यांतला दाब बसायच्या आत कॉम्प्रेसरला जोर लावला की तो अडखळतो आणि ओव्हरलोड (मोटरवर ताण आला की वीज तोडणारा छोटा पार्ट) वीज तोडतो. टक्‌-टक्‌ आवाज येतो पण सुरू होत नाही, असं वारंवार झालं तर आधी रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्विच) आणि ओव्हरलोड तपासून घ्या. हे स्वस्तातले पार्ट आहेत, लगेच नव्या कॉम्प्रेसरच्या गोष्टी ऐकू नका.

तळमजल्यावर, पंचगंगेचं पाणी येतं त्या भागात राहत असाल (2019 आणि 2021 चे पूर आठवा) तर पाण्याचा इशारा मिळताच फ्रिज रिकामा करून प्लग काढा आणि वर हलवा. बुडालाच तर वरून वाळला म्हणून प्लग लावू नका. पत्र्याआडचा फोम भिजला असेल तर तो वाळत नाही, वासही जात नाही. अशा फ्रिजच्या दुरुस्तीत पैसे घालू नका.