विझार्ड काढताना दाढी सगळ्यात शेवटी

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायच्या गेममध्ये, कोणी नवीन कॅरेक्टर म्हणून विझार्ड (जादूगार) घेतला की लगेच "जरा याचं चित्र काढून दे ना" सुरू होतं आणि मागोमाग ठरलेली यादी येते, टोकदार टोपी, छातीपर्यंत दाढी, निळा झगा, त्यावर चांदण्या, हातात काठी. काढायला हरकत काहीच नाही हो, पण मग तुमचा विझार्ड कोणता आणि शेजारच्या टेबलवरचा कोणता हे कळणार कसं? मी पण असले ढीगभर म्हातारे काढलेत. हल्ली मी उलट्या बाजूने सुरुवात करते, आधी गेमचे नियम, मग हात, मग उजेड, आणि दाढी वाटलीच तर शेवटी.

नियम का, तर १९७४ ला डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा मॅजिक-यूजरला (विझार्डचं तेव्हाचं नाव) चिलखत घालता येत नव्हतं आणि हत्यार म्हणाल तर फक्त खंजीर. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुक या नियमांच्या पुस्तकात काठी मिळाली खरी पण हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, चार बाजूंच्या फाशावरच, म्हणजे पहिल्या लेव्हलचा विझार्ड एका फटक्यात आडवा. टोपी, झगा, काठी हे सगळं दंतकथांमधला जादूगार मर्लिन आणि प्रवासी वेशातला नॉर्स देव ओडिन यांच्याकडून आलेलं आहे पण माझ्या मते झगा गेमच्या चित्रांमध्ये एवढा रुजला तो या चिलखतबंदीमुळे. त्यामुळे काढताना हे डोक्यात ठेवा की या माणसाच्या अंगावर फक्त कापड आहे आणि त्याला ते माहितीय. खांदे पैलवानासारखे नकोत, वजन मागच्या पायावर, आणि फ्रेममध्ये पुढे फायटरच्या (चिलखत घालून लढणाऱ्या सोबत्याच्या) पाठीचा नुसता एक तुकडा जरी दिसला तरी अर्धी गोष्ट तिथेच सांगून होते.

आता हात. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्ही पण घालवा. स्पेल टाकायला, म्हणजे जादू करायला, तीन गोष्टी लागू शकतात, तोंडाने मंत्र, हाताची खूण आणि एखादी वस्तू. मी एकदा मोठ्या हौसेने विझार्डच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात उघडं पुस्तक दिलं, दोन दिवस त्या पुस्तकाच्या पानांवर घालवले, आणि ज्याचं कॅरेक्टर तो म्हणतो "ताई, हा स्पेल टाकणार कशाने, नाकाने?" तेव्हापासून एक हात कायम मोकळा. पुस्तक पट्ट्याने कमरेला बांधा, शेजारी वस्तूंची छोटी पिशवी, झालं.

मोकळा हात म्हणजे हवेत पसरलेला पंजा नव्हे पण. फायरबॉल या आगीचा गोळा फेकायच्या स्पेलचंच घ्या, त्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक यांची बारीकशी गोळी लागते. म्हणजे अंगठा आणि दोन बोटं चिमटीत, नखांखाली पिवळट भुकटी, बोटांची टोकं जरा भाजून लालसर, आणि हाच माणूस रात्री बसून स्पेल पुस्तकात उतरवतो म्हणजे मधल्या बोटाच्या बाजूला शाईचा डाग. एवढं काढलंत तर चेहरा झाकला तरी लोक विझार्डच म्हणतील. रेफरन्स नेटवर शोधत बसू नका, खडूची भुकटी चिमटीत धरा आणि स्वतःच्याच हाताचा फोटो काढा, उजेड खालून द्या.

उजेड खालून कारण जादू हातात असते आणि हात बहुतेक वेळा हनुवटीच्या खाली असतो, म्हणजे नाकाची सावली वर जाणार, भुवयांच्या खालचा भाग उजळणार. लोक चेहरा नेहमीच्या वरच्या उजेडात रंगवतात आणि मग हातात एक पांढरा गोळा चिकटवतात, तो जादू वाटत नाही, बल्ब वाटतो. पांढरा फक्त अगदी मध्यभागी टिकलीएवढा, त्याच्या भोवती भडक रंग, आणि बाकी चित्र तुम्हाला भीती वाटेल इतकं गडद ठेवा. स्पेल नारिंगी असेल तर आजूबाजूचा उजेड निळसर. मध्ये मध्ये चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघत जा, नुसत्या रंगाच्या जिवावर चमकत असेल तर ते चमकतच नाहीये.

जुनी चित्रं बघाच. १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइड या गेमच्याच पुस्तकात चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियरचा एमिरिकोल नावाचा जादूगार आहे, नुसत्या काळ्या शाईत, घोड्यावरून गल्लीतून सुसाट चाललाय आणि जाता जाता जादूने लोकांना उडवतोय. इथे विझार्ड मागे उभा राहत नाही, माझा वरचा नियम मोडलाय आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. १९८१ च्या बेसिक सेटवर, म्हणजे नवख्यांसाठीच्या गेमच्या खोक्यावर, एरॉल ओटसने पाण्यातून वर आलेल्या ड्रॅगनसमोर जादू करणारी बाई उभी केलीय, दाढीचा प्रश्नच मिटला. आणि चित्रकार लॅरी एल्मोरने काढलेला रेस्टलिन, ड्रॅगनलान्स कादंबऱ्यांमधला जादूगार, तरुण, सोनेरी कातडी, डोळ्यांच्या बाहुल्या वाळूच्या घड्याळासारख्या, काठीच्या टोकाला ड्रॅगनच्या पंज्यात धरलेला स्फटिक. काठी काढायचीच तर अशी काढा की ती दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही.

सॉर्सरर हा दुसरा जादूवाला मागितला असेल तर पुस्तक काढू नका, तो क्लास (पात्राचा प्रकार) २००० च्या तिसऱ्या एडिशनपासून आहे आणि त्याची जादू रक्तातच असते, अभ्यास वगैरे काही नाही. आणि ऑनलाइन खेळत असाल तर टोकन, म्हणजे नकाशावर पात्राच्या जागी ठेवायचं छोटं चित्र, गोल आणि नखाएवढं होतं, टोपीचं टोक हमखास कापलं जातं, म्हणून चमकणारा हात गालाच्या जवळ आणा म्हणजे दोन्ही मावतं.

राहिली दाढी. मागच्या विझार्डला मी दिली, पण उजव्या बाजूने जळकी, कारण स्पेलचा हात उजवा. प्लेयरने विचारलं हे काय, म्हटलं तिसऱ्या लेव्हलला असताना गुपचूप फायरबॉल ट्राय केला होतास ना, त्याचं आहे ते. त्याने ते तसंच कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती असलेल्या कागदावर, लिहून टाकलं.